कोरी डिस्क

मिस्त्रीने उभ्या जन्मात घरातली वस्तू दुरुस्तीला बाहेर दिली नव्हती. मिक्सर असो, पंखा असो, नाही तर शेजारणीचं शिलाई मशीन असो, ते पालथं घालून त्याला पेचकस लावल्याशिवाय मिस्त्रीला चैन पडायचं नाही. अख्खी हयात कारखान्यातली यंत्रं चालती ठेवण्यात गेली, म्हणून सगळी गल्ली त्याला मिस्त्री म्हणायची. बायको शाळेत लहान मुलांना शिकवायची, म्हणून ती बाई. दोघं निवृत्त झाली तरी नावं तीच राहिली. दुरुस्तीला दिलेल्या वस्तूचा अर्धा जीव दुकानदार काढून घेतो, असं मिस्त्रीचं ठाम मत होतं, आणि त्याचं मत बदलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. मनाने माणूस वाईट नव्हता. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे त्याचा राग येणार आहे.

बाईंच्या घशात गाठ निघाली. स्वरयंत्र काढावं लागेल, जीव वाचेल पण आवाज जाईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. दूर देशी राहणाऱ्या लेकीने तेव्हा एक मार्ग शोधून काढला. माणसाने आधीच पुष्कळशी वाक्यं वाचून ध्वनिमुद्रित करून ठेवली, तर त्यातून त्याचा आवाज पुन्हा घडवून देणारी मंडळी असतात. मग आपण फोनवर टाइप करायचं आणि फोन आपल्याच आवाजात बोलतो.

झालं, बाई कामाला लागल्या. आतल्या खोलीच्या खिडक्या लावायच्या, दारावर जाड पांघरूण टांगायचं आणि संगणकासमोर बसून वाचायचं. दिलेली वाक्यं एकाहून एक बिनडोक होती. 'निळी पेटी टेबलाखाली आहे.' 'माझ्या काकांना उंच झाडं आवडतात.' बाई त्यातल्या चुका दुरुस्त करून वाचायच्या, आणि रोजचा पाठ संपला की वर पदरचं काही घालायच्या. "अहो, गॅस बंद केलात का?" "घोरू नका, कुशीवर वळा." "ठेवा तो पेचकस आणि जेवायला या." मिस्त्री म्हणायचा, "अगं, हे कशाला?" तर म्हणायच्या, "निळ्या पेटीचं मला आयुष्यात काय काम पडणार आहे? मला बोलायचंय ते हेच." शेवटी शेवटी घसा इतका दुखायचा की एका वाक्याला दोनदा पाणी प्यावं लागायचं. तरी एकही वाक्य त्यांनी सोडलं नाही.

लेक रोज सांगत होती, "बाबा, झालं तेवढं मला पाठवून ठेवा." मिस्त्री म्हणायचा, पाठवतो, नीट लावून पाठवतो. पोटातली गोष्ट वेगळीच होती. बायकोचा आवाज कुठल्या तरी परक्या लोकांच्या संगणकावर जाऊन पडणार, कोण ऐकणार, कोण हसणार, हे त्याला सोसत नव्हतं. मग शस्त्रक्रिया झाली. नळ्या, पट्ट्या, दवाखान्याच्या खेपा, यातच दिवस गेले. बाईंच्या गळ्याशी श्वासासाठी एक भोक राहिलं आणि हातात पाटी आली. आवाज मात्र होता तिथेच राहिला, आतल्या खोलीत, एकाच डिस्कवर.

ती डिस्क कुरकुरायला लागली. फाइल उघडायला घेतली की संगणक गोठून बसायचा. संगणकाचा दुकानदार घरी येऊन सांगून गेला, "काका, ही आता पिकलं पान आहे. हिला बंद ठेवा. सारखी बंद-चालू केलीत तर हातची जाईल. माझ्याकडे द्या, मी उतरवून देतो." मिस्त्रीने त्याच्याकडून नवी डिस्क तेवढी घेतली. म्हणाला, बसवतो मीच. चार स्क्रू आणि दोन वायरी, त्यात काय मोठं?

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा होताच त्याने संगणक जमिनीवर आडवा घातला. संगणक चालवणारी छोटी डिस्क वेगळी होती. ही जुनी मोठी नुसती साठवणीची. तिच्या शेजारच्या रिकाम्या खणात त्याने नवी सरकवली, स्क्रू आवळले, वायरी जोडल्या. बाई बाजूला स्टुलावर बसल्या होत्या. आज आवाज सुटणार म्हणून त्यांनी चांगली साडी नेसली होती. मिस्त्रीने बटण दाबलं. पडदा उजळला, जुनी डिस्क दिसली. नवी नाही.

"दिसेल, दिसेल," मिस्त्री म्हणाला. "नवी नवरी आहे, लाजतेय."

बाई हसल्या.

त्याने संगणक बंद केला, वायर काढून फुंकर मारून पुन्हा बसवली, चालू केला. नवी नाही. वायर बदलली. बंद, चालू. नाही. दुसऱ्या खाचेत लावली. बंद, चालू. नाही. आता मिस्त्रीला चढला हट्ट. एवढीशी डबी, ना तिला पट्टा ना दातेरी चाक, आणि ती मला जुमानत नाही म्हणजे काय? कपाळावर आठ्या, दातांत टॉर्च, डोकं संगणकाच्या पेटाऱ्यात. जगात नव्या डिस्कशिवाय दुसरं काही उरलं नव्हतं.

खरं तर जुनी सोडवून बाजूला ठेवायची आणि मग नवीशी काय ती झटापट करायची, एवढीच अक्कल लागत होती. पण कारखान्यातला पहिला धडा हाडीमाशी खिळलेला होता, की चालत्या यंत्राला हात लावायचा नाही. जे बिघडलंय तेच उघडायचं, चालतंय त्याला छेडायचं नाही. जुनी चालत होती, म्हणून तिला त्याने बोटसुद्धा लावलं नाही. प्रत्येक वेळी नवीबरोबर तीही बिचारी बंद होत होती, चालू होत होती.

पाचव्या-सहाव्या वेळेला बाईंनी स्टूल वाजवलं. टक टक. मिस्त्रीने वर पाहिलं नाही. त्या पाटीवर लिहून पाटी पुढे करत होत्या. मिस्त्री पेटाऱ्यात वाकलेला. त्यांनी त्याच्या खांद्याला हात लावला.

"अगं, थांब ना. होतंय."

जुनी डिस्क वाजायला लागली होती. बारीक, एका ठेक्यात, कुणी आतून नखाने ठोकावं तशी. बाईंना ते स्वच्छ ऐकू येत होतं. मिस्त्रीच्या कानांतून असले बारीक आवाज कारखान्याने कधीच काढून नेले होते. बाई उठल्या आणि भिंतीवरच्या बटणाकडे हात नेला. मिस्त्रीने तो मधल्या मध्ये धरला.

"असं मध्येच बंद करू नये, किती वेळा सांगायचं? नुकसान होतं." बाई मान हलवून पाटी नाचवत राहिल्या, पायाने फरशी आपटली, तसा त्याचा तोल गेला. "जरा गप्प बस गं! सारखी कटकट, कटकट! माणसाला काम करू देशील की नाही?"

तोंडातून शब्द गेल्यावर त्यालाच कसंतरी झालं. पण सॉरी म्हणायला वेळ कुठे होता? तो पुन्हा वाकला. बाई स्टुलावर जाऊन बसल्या. पाटी मांडीवर पालथी.

असं दुपारपर्यंत चाललं. शेवटी घोडं अडलंच, तेव्हा मिस्त्रीने मान खाली घालून दुकानदाराला फोन लावला. फोन स्पीकरवर ठेवून दोन्ही हात मोकळे ठेवले.

"तुझी नवी डिस्क खराब आहे," त्याने सुरुवातच अशी केली.

"काका, डिस्क व्यवस्थापन म्हणून एक खिडकी आहे. ती उघडा, मी सांगतो तसं." मिस्त्रीने तसं केलं. "खाली एक काळी पट्टी दिसते?"

दिसत होती.

"हीच तुमची नवी. पहिल्यापासून तिथेच असणार. नवी डिस्क कोरी असते काका, आधी ती आखून घ्यायची असते, मग ती बाकीच्यांच्या रांगेत दिसते. वायरींचा काही प्रश्नच नव्हता."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. मिस्त्री हसलासुद्धा. पहिल्याच फटक्यात त्याने ती बरोबर बसवली होती म्हणजे. "बघितलंस?" म्हणून त्याने अभिमानाने बाईंकडे वळून पाहिलं. त्या पडद्याकडे बघत नव्हत्या. त्या पेटाऱ्याकडे बघत होत्या.

"आणि ह्या सगळ्यात जुनी काढून ठेवली होतीत ना?" दुकानदाराने विचारलं. "काका? हॅलो?"

मिस्त्रीने पडद्यावर पाहिलं. छोटी होती. काळी पट्टी होती. जुनी कुठेच नव्हती. त्याने वाकून जुनीच्या पाठीवर तळहात ठेवला. आत काही तरी ठोके देत होतं, ते कानाला नाही पण हाताला कळलं. मग तेही थांबलं. त्याने बाईंच्या मांडीवरची पाटी उलटी केली. 'जुनी वाजतेय, बंद करा.' अक्षर मास्तरणीचं, सुबक, एकही काना-मात्रा न चुकलेलं.

दुकानदार तासाभरात आला. डिस्क कानाशी धरून त्याने ऐकलं आणि तोंडातल्या तोंडात काही तरी म्हणाला. मोठ्या शहरात अशा डिस्क उघडून बघणारे लोक असतात, तिथे ती पाठवली. त्या दिवसांत लेकीचा रोज फोन यायचा आणि मिस्त्री रोज सांगायचा, "नवी डिस्क बसली, उतरवून घेतोय. वेळ लागतो गं." दोन दिवसांनी तर म्हणाला, "झालं म्हणजे झाल्यातच जमा आहे." बाई समोर बसून ऐकायच्या. त्यांनी लेकीला परस्पर दोन ओळी लिहून पाठवल्या असत्या तर कोण अडवणार होतं? पण त्यांनी ते केलं नाही. पाटीवर फक्त लिहायच्या, 'तुम्ही सांगा.' मिस्त्री मान डोलवायचा आणि उद्यावर ढकलायचा. लाज माणसाला चोराहून वाईट करते.

मग शहरातून निरोप आला. आतली तबकडी पार खरवडून निघाली होती. एकही वाक्य निघत नव्हतं. बिघडल्यावर ती पुन्हा पुन्हा चालू केली गेली असावी, असंही त्यांनी कळवलं होतं. अंदाजाने.

त्या संध्याकाळी लेकीचा फोन आला, तेव्हा बाईंनी तो उचलून टेबलावर मधोमध ठेवला, स्पीकर लावला आणि मिस्त्रीसमोर बसल्या.

"बाबा, झालं का? मी त्या आवाज घडवणाऱ्यांना उद्याची वेळ दिलीय."

मिस्त्रीने घसा खाकरला. खाकरायला त्याला घसा होता. "बाळा," तो म्हणाला, "ते गेलं."

"काय गेलं?"

"आईचं सगळं. जुनी डिस्क गेली. त्याच दिवशी गेली. मी तुला खोटं सांगत होतो." मग धरण फुटल्यासारखं तो बोलत सुटला. बंद-चालू, दुकानदाराने दिलेली ताकीद, पाटी, सगळं. "ती मला सांगत होती गं. मी तिला गप्प बस म्हटलं."

पलीकडे लेक रडायला लागली, लहानपणी रडायची तशी, हुंदके आवरायचा प्रयत्न न करता. बाईंचं तोंड आपोआप उघडलं. पोर रडली की आईला बोलावं लागतं, शरीराला कुठे माहीत असतं काय काढून टाकलंय ते? गळ्याच्या भोकातून नुसती हवा गेली. पण ओठ हलत होते, आणि कारखान्याच्या गोंगाटात ओठांवरून बोलणं ओळखण्यात मिस्त्रीचा जन्म गेला होता.

"रडू नकोस म्हणतेय," तो म्हणाला.

बाईंनी पुढचं वाक्य त्याच्याकडे बघत म्हटलं, सावकाश, पहिलीच्या मुलांना सांगावं तसं. मिस्त्रीला ते कळलं. हे त्याच्या तोंडून जायला नको होतं. पण दुसरं तोंड होतं कुठे? त्याने नकारार्थी मान हलवली. बाईंनी टेबलावर हात ठेवून पुन्हा म्हटलं.

"बाबांना काही बोलू नकोस, म्हणतेय," मिस्त्री कसाबसा म्हणाला. "त्यांनी... त्यांनी ते माझ्यासाठीच चालवलं होतं, म्हणतेय."

हुंदके थांबले.

"हे आई म्हणतेय," लेकीने विचारलं, "का तुम्ही?"

मिस्त्रीने फोन उचलून बाईंच्या तोंडासमोर धरला. बाई जोरजोरात मान हलवून हो म्हणत होत्या.