गुणाजीच्या गुडघ्यावरचा तिसरा अंक

मी टेबल बोलतंय. जेवणाचं टेबल, पण नाटकातलं. १९८६ साली घाटकोपरच्या दादू सुताराने खोक्यांच्या फळ्या जोडून मला उभं केलं.

टेलिफोन खात्यातल्या वनमालाबाईंनी एक अमेरिकन कौटुंबिक नाटक मराठीत आणून बसवलं होतं. आई, बाप, मुलगा आणि मधे मी. परवानगी देताना तिकडच्या लेखकाने एकच अट घातली होती: शेवट बदलायचा नाही. शेवटी बाप भरल्या ताटावरून उठतो आणि घर सोडून जातो.

नाट्यस्पर्धेचा प्रयोग मुलुंडला होता. तिसऱ्या अंकात मुलगा झालेल्या शिवदासने रागाने माझ्यावर मूठ आपटली. तालमीपेक्षा फार जोरात. माझा एक पाय मोडला. मी कलंडणार, तोच बाप झालेल्या गुणाजीने खालून गुडघा लावला. वर ताटं, काचेचा जग. प्रेक्षकांना काहीच कळलं नाही.

"जातो मी," गुणाजी म्हणाला. पण उठला नाही.

"ऊठ रे! ऊठ ना!" विंगेतून वनमालाबाई कुजबुजल्या.

त्याचा गुडघा थरथरत होता. घाम माझ्यावर टपकत होता. आई झालेल्या प्रेमाने त्याच्या डोळ्यांत पाहिलं. तिला कळलं. नाटकात नसलेलं वाक्य ती हळूच बोलली, "बसा. भात वाढते."

पडदा पडला. टाळ्या थांबेनात. परीक्षक आत आले, म्हणाले, "बाई, शेवट काय बसवलाय!"

"तो माझा नाही," वनमालाबाई म्हणाल्या. "टेबल मोडलं म्हणून तसं झालं."

बक्षीस दुसऱ्यांना गेलं. शिवदास चिडला. "गप्प बसायचं ना बाई! वाट लावलीत सगळी."

"लेखकाला शब्द दिलाय."

सुजलेला गुडघा चोळत गुणाजी म्हणाला, "बाईंचं बरोबर आहे. पुढच्या वेळी उठेन मी."

दादूने माझ्या मोडक्या पायाला लोखंडी पट्टी मारली. पुढच्या प्रयोगात गुणाजी लंगडत उठला आणि निघून गेला. प्रेमा रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिली. टाळी वाजायला बराच वेळ लागला. वनमालाबाई विंगेत रडत होत्या.

असे अकरा प्रयोग झाले. मग मंडळी पांगली. आता मी प्रेमाच्या घरी आहे. माझ्यावर इस्त्रीचे कपडे असतात, वर्तमानपत्रांची रद्दी असते.

प्रेमा, इतके प्रयोग झाले, पण त्या ताटांत कधी खरं अन्न नव्हतं गं. एकदा हा पसारा उचल. सगळ्यांना हाक मार. वाफाळता भात वाढ.