अकरा वर्षं झोपलेलं बी

माझी ताई चौतीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवत होती आणि जवळजवळ तेवढीच वर्षं मी नाटकाच्या थिएटरात दिवे टांगत होतो. ती मला अजून ठोक्या म्हणते. लहानपणी हातोडी हाती लागली की सापडेल ते मी ठोकत सुटायचो, तेव्हाचं ते नाव. तिची शाळा बंद पडली, प्रयोगशाळा मोडीत निघाली, तेव्हा ती माझ्याकडे राहायला आली. सामान म्हणजे दोन बॅगा, एक सूक्ष्मदर्शक आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली काचेची बरणी.

बरणीत वाळलेल्या मिरच्या होत्या. झाकणाभोवती मेण लावलेलं. चिठ्ठीवर ताईचं टपोरं अक्षर, 'मिरची, बियांसाठी', आणि खाली अकरा वर्षांपूर्वीची तारीख.

"टाकून दे," मी म्हणालो.

"टाकायची असती तर आणली कशाला असती? एखादी उगवते का बघायचंय."

"उगवेल?"

"मिरचीचं बी तीन-चार वर्षं तग धरतं. फार तर पाच."

"मग?"

"मग काही नाही. हिवाळा कसातरी काढायचाच आहे ना?"

हे शेवटचं ती ज्या आवाजात म्हणाली, तो मला आवडला नाही. आल्यापासून ती खिडकीशी खुर्ची टाकून बसायची. मांडीवर पुस्तक असायचं, पण पान उलटलेलं मी पाहिलं नव्हतं. आणि खिडकीसमोर काय, तर शेजारच्या इमारतीची भिंत. आमच्या मधल्या खोलीत ऊन यायचं ते अर्धा तास, घाईतल्या पाहुण्यासारखं, बूड न टेकता जायचं. अशा खोलीत मिरची लावायची तर सूर्य आपणच आणायला हवा. आणि ते काम तर माझंच होतं.

भोकांच्या लोखंडी पट्ट्यांचं रॅक मी दोन दिवसांत उभं केलं. चार फळ्या, प्रत्येक फळी लेव्हल लावून तपासलेली. मागे पांढरा रंग दिलेला पत्रा, म्हणजे उजेड वाया जायला नको. प्रत्येक फळीवर दोन एलईडी ट्यूब, बारीक साखळ्यांना टांगलेल्या. सोळा तास चालू, आठ तास बंद, असा टायमर लावला. बटण दाबलं आणि खोलीचा नूरच पालटला. मी कमरेवर हात ठेवून, टाळ्यांची वाट बघावी तसा उभा राहिलो.

"फार उंच आहेत," ताई म्हणाली.

"अगं, उंचावरून उजेड सारखा पसरतो. सावली पडत नाही."

"तुझे नट उजेड कमी पडला की काय करतात?"

"पुढे सरकतात."

"रोपाला पाय नसतात. ते मान लांबवतं. लांबवता लांबवता आडवं पडतं. चार बोटांवर आण."

"भाजतील की!"

"हात धर खाली."

धरला. कोमट लागलं, बस. थिएटरात एकेका दिव्याने माझे हात पोळलेत, त्यामुळे मला ते खरंच वाटेना. मी गुपचूप साखळ्यांच्या कड्या सोडवल्या आणि ट्यूब चार बोटांवर आणल्या.

ताईने चाळीस बिया रात्रभर कोमट पाण्यात भिजवल्या आणि सकाळी ट्रेच्या चाळीस खणांत एकेक पेरल्या. ट्रेखाली गरम होणारी रबरी गादी, मातीत थर्मामीटर, वर पारदर्शक झाकण. अठ्ठावीस अंश, वर नाही, खाली नाही. मी दिवे लावायला गेलो तर म्हणाली, "बी अंधारातच उगवतं. आत्तापासून दिवे कशाला?"

"तालीम," मी म्हणालो. कितीतरी दिवसांनी ती हसली.

आठ दिवस गेले. बारा गेले. ती रोज सकाळी चष्मा कपाळावर चढवून झाकणात वाकायची, वहीत तारीख घालायची आणि पुढे शून्य लिहायची. पंधराव्या दिवशी शून्य लिहिताना पेन्सिलीचं टोक मोडलं. सतराव्या दिवशी तिने वही उघडलीच नाही; खुर्ची परत खिडकीकडे वळवली.

मग मी एक गोष्ट केली. बाजारात जाऊन मिरचीच्या ताज्या बियांचं पाकीट आणलं. एकोणिसाव्या दिवशी सकाळी ताई दाताच्या डॉक्टरकडे गेली. बेत सोपा होता. चार बिया चार खणांत टोचायच्या, वरून माती सारखी करायची, तोंडाला कुलूप. आठवड्याने उगवतील, तिच्या चेहऱ्यावर रंग येईल. मी काही पाप करत नव्हतो. तरी चोरासारखा दरवाजा आतून लावून घेतला.

पाकीट फाडलं, झाकण उचललं, आणि हात तिथेच थांबला.

तिसऱ्या ओळीत एक कमान होती. शिवायच्या दोऱ्याएवढी, पांढरट हिरवी. एका बाजूने मातीतून वर आलेली आणि दुसऱ्या बाजूने परत मातीत शिरलेली. तिच्या पाठीवर मातीचा एक खडा होता, तिच्या मानाने धोंडाच म्हणा, आणि तो तिने उचलून धरला होता.

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. मी हजारो वेळा पडदा वर जाताना पाहिलाय, राजे-राण्या उजेडात आणून उभ्या केल्यात. पण असं वाटलं नव्हतं कधी. आपण अकरा वर्षं काय काय केलं! भांडलो, आजारी पडलो, म्हातारे झालो. आणि हे एवढंसं, कुणी हाक मारली तर 'ओ' द्यायची म्हणून, त्या बरणीत कान देऊन बसलं होतं.

पाकीट खिशात कोंबलं. झाकण हळूच ठेवलं आणि दार उघडून ताईची वाट बघत जिन्यातच उभा राहिलो.

ती आली ती अर्ध्या गालाने. इंजेक्शनने तोंड बधिर झालेलं. "हाय हालं?" तिने विचारलं. मी तिला हाताला धरून रॅकपाशी नेलं. तिने पाहिलं. पर्स खांद्यावरच राहिली. मी दोन स्टुलं आणली आणि आम्ही बसलो.

घड्याळाच्या तासकाट्यासारखं होतं ते. हलताना दिसत नाही, आणि जरा नजर काढली की पुढे गेलेलं असतं. बाराच्या सुमाराला खडा घरंगळला. दोन वाजता कमानीचं दुसरं टोक मातीतून सुटलं आणि डोकं वर आलं. पण डोक्यावर बियाचं टरफल घट्ट बसलेलं, टोपी कानापर्यंत ओढल्यासारखं. आतली दोन पानं अडकून पडली होती.

"चिमटा आणू?" मी कुजबुजलो.

तिने नुसतं बोट हलवलं. ड्रॉपरने कोमट पाण्याचा एक थेंब त्या टोपीवर ठेवला आणि हात मागे घेतला. अर्ध्या तासाने आणखी एक. मी जेवायचं विसरलो. फोन वाजला, वाजून बंद झाला. पाच वाजायला आले तेव्हा टरफल एका बाजूने उचललं गेलं, क्षणभर तिरकं लोंबलं आणि पडलं. दोन चिंचोळी पानं, अजून एकमेकांना चिकटलेली, हळूहळू सुटी झाली. त्यांच्या पाठीवर आमच्या ट्यूबचा उजेड होता.

इंजेक्शनचा असर दुपारीच उतरला असणार. तरी ताईच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायचं तिला सुचत नव्हतं.

"चौतीस वर्षं मी ह्याची आकृती काढली," शेवटी ती म्हणाली. "चार चित्रं. बी, कमान, टोपी, पानं. दोन मिनिटांत फळ्यावर. झोपेत काढीन."

"मग?"

"कधी बघितलं नव्हतं रे. प्रत्येक वेळी शनिवारी मूग पेरले आणि सोमवारी उगवलेले दाखवले." तिने चष्मा काढला. "दोन चित्रांच्या मध्ये एवढं असतं, हे मला कुणी सांगितलंच नाही."

मला राहवलं नाही. मी खिशातलं पाकीट तिच्यासमोर ठेवलं आणि सगळं सांगितलं. मला वाटलं, आता तासभर उभं करते. तिने फाटलेलं पाकीट उलटसुलट पाहिलं.

"एकही टाकली नाहीस?"

"तुझी शपथ."

"ठोक्या, तू टाकली असतीस ना, तर मी विश्वास ठेवला असता. पण मग गुपित लपवायला तू मला हाताला धरून इथे आणलंच नसतंस, आणि हे बघायचं राहिलं असतं." ती माझ्या पाठीवर थाप मारून उठली. वहीत तारीख घातली आणि पुढे एक लिहिला, चांगला ठळक.

चाळीसांतल्या तीन उगवल्या. एक आठवड्याभरात बुंध्याशी नरम पडून गेली. तिच्यासाठी ताई दोन दिवस जेवणात लक्ष नसल्यासारखी होती. उरलेल्या दोन जगल्या. मी छोटा पंखा लावला, त्या वाऱ्याने बुंधे जाड झाले. दर दोन दिवसांनी साखळीची एक कडी वर, हे माझं काम. पानं मोजणं तिचं. खिडकीजवळच्या खुर्चीवर आता माझी हत्यारं पडून असतात.

थंडी सरत आली तेव्हा थोरलीला पहिलं फूल आलं. पांढरं, खाली मान घातलेलं, शर्टाच्या बटणापेक्षा लहान. ताई कपाटातून तिची ब्लेडची डबी घेऊन आली. आयुष्यात हाती आलेलं प्रत्येक फूल तिने उभं चिरून मुलांना दाखवलं होतं. ती रॅकसमोर बसली, फुलाखाली बोट धरून ते किंचित वर केलं आणि पाच मिनिटं आत बघत राहिली.

"काय दिसतंय?" मी विचारलं.

"सगळं," ती म्हणाली, आणि डबी न उघडताच मला बोलावून तिने स्टुलावर जागा करून दिली.