काचेमागचा दिवा

मी काच बोलतेय. उजेडातल्या माणसाला माझ्यात स्वतःचं तोंड दिसतं. पलीकडे अंधारात बसलेल्याला मात्र माझ्यातून सगळं आरपार दिसतं. अट एकच, अंधाराच्या बाजूला दिवा लागता कामा नये.

माझा जन्म अंबडच्या औद्योगिक वसाहतीतला. पहिला मालक कापड दुकानदार. माझ्यामागे बसून तो कामावरच्या पोरींवर नजर ठेवायचा. दुकान बंद पडलं आणि मी दोन वर्षं गोदामात धूळ खात उभी होते. खरं सांगते, बरं वाटत होतं.

मग गंगापूर रोडच्या या केंद्रात आले. इथे मुलांच्या मनाच्या दुखण्यांवर उपचार होतात आणि त्या उपचारांचा अभ्यास करणारी नवी मंडळी इथेच शिकतात. उजेडाच्या खोलीत मूल आणि शिकाऊ संशोधक; माझ्यामागे डॉ. खैरनार सर, हातात गुणांचा कागद. कुणी चुकलं की सर अंगठीने माझ्या पाठीवर टकटक करायचे. शिकणाऱ्याचं तोंडच बंद व्हायचं. तीस वर्षांचा अनुभव म्हणे! त्यातली किती मिनिटं तुम्ही मुलाच्या खुर्चीत बसलात, हे मला सरांना विचारायचं होतं. पण काचेला कोण विचारतं?

या पावसाळ्यात सृष्टी आली. सात वर्षांची, मखमलाबादकडची. आई चांगुणा फुलं विकते. घरात पोरगी अखंड बडबडायची, पण उंबऱ्याबाहेर वर्षभर एक शब्द नाही. आधीच्या दोन शिकाऊंनी हात टेकले होते. आता राखी, तिसरी. आजही जमलं नाही, तर सृष्टी चौथ्या अनोळखी माणसासमोर बसणार होती.

राखी काही विचारत नव्हती. जमिनीवर बसून ठोकळे रचत होती. अर्ध्या तासाने सृष्टी सरकत जवळ आली. तिचे ओठ हलले.

"वेळ संपत आला, आणि हिने ठरलेले प्रश्नच विचारले नाहीत," सर पुटपुटले आणि कागद वाचायला त्यांनी दिवा लावला.

माझ्या अंगातून सर्रकन उजेड आरपार गेला. आरशाच्या जागी सृष्टीला दिसले डोळे वटारलेले सर. ती किंचाळलीसुद्धा नाही. टेबलाखाली जाऊन बसली.

सर धावत आले. "राखी, आजचा तास रद्द. उद्यापासून दुसरं कुणीतरी बघेल."

"चूक तुमची आणि केस माझ्याकडून काढून घेता?" राखी तडकली. "काचेमागून बघायला आईची सही घेतली आपण, पण हिला कुणी सांगितलं? मीसुद्धा नाही. आता तुम्ही इथे बसा."

"कुठे?"

"मुलांच्या त्या छोट्या निळ्या खुर्चीवर."

तिने टेबलाखाली हात केला. "सृष्टी, आम्ही चोरून बघत होतो. चुकलं आमचं. आता तू बघतेस यांच्याकडे?"

बऱ्याच वेळाने एक छोटा हात बाहेर आला. बाहेर थांबलेल्या चांगुणाबाईंसह तिघी माझ्यामागे आल्या. राखीने दिवा मालवला. सृष्टीने नाक माझ्यावर दाबलं. पलीकडे सर, गुडघे हनुवटीला लागलेले, खुर्ची डुगडुगतेय आणि कुठे बघावं ते कळत नाहीये. सृष्टी फिसकन हसली. मग पलीकडच्या खोलीत आवाज पोचवणाऱ्या माइकपाशी तोंड नेलं.

"ओ बाबा, नीट बसा की! पडशाल ना!"

सर खरंच दचकले. चांगुणाबाईंनी तोंडाला पदर लावला. "बोलली ओ म्याडम, लोकांत बोलली," एवढंच म्हणाल्या आणि रडू लागल्या. राखी भिंतीला टेकून खाली बसली.

केस राखीकडेच राहिली. सरांनी माफी मागितली नाही; मोठ्यांना ते जडच जातं. पण दुसऱ्या दिवशी अंगठी घरी ठेवून आले.

आता प्रत्येक मूल आधी माझ्यामागे येतं आणि सर निळ्या खुर्चीत बसतात. तुम्हाला माझं एवढंच सांगणं, लेकराला बरं करायचं असेल तर त्याच्यापासून लपू नका.

परवा सरांनी एका मुलीला विचारलं, "मी काचेमागे बसू का?" तिने मान हलवली, नाही. सर गुपचूप बाहेर बाकावर जाऊन बसले. तो पूर्ण तास माझ्यामागे कुणीच नव्हतं. जन्मात पहिल्यांदा मी नुसता आरसा होते, आणि ती मुलगी माझ्यात बघून वेणी घालत होती.