पिवळ्या मुळीची तिसरी चिमूट

मधल्या लेकीचं डोकं सकाळपासून चक्रावलं होतं. बाबांनी बरणी उघडली, चमचाभर दारू चाखली आणि म्हणाले, "अजून कडू व्हायला हवी." झालं, पिवळ्या मुळीच्या पुडीची तिसरी चिमूट आत गेली. मधलीनं गुपचूप बोट बुडवून चाखलं, तर जीभच आखडली.

आता खरं कुणाचं मानायचं? एकवीस पानं-मुळं मुरवून ही कडूगोड दारू बाबा चाळीस वर्षं करत होते. मधली त्यातली वीस वर्षं नुसत्या बाटल्या विसळत आली होती. 'झाली' म्हणायचा मान बाबांचा, आणि तिला हवा होता तो नेमका तोच.

"बाबा, जास्त नाही ना होत?"

"तुझी जीभ कच्ची आहे अजून."

मग ती पुन्हा बाटल्या विसळायला बसली.

जेवणं आटोपल्यावर बाबांचे जुने मित्र, घड्याळवाले काका आले. दर वर्षी पहिला घोट त्यांचा. बाबांनी इवलासा पेला पुढे करून नेहमीचं पुराण लावलं: बर्फ अजिबात नको, पेला मुठीत ऊबदार होऊ द्या, आधी वास घ्या, मग एकच घोट, तोही जिभेवर घोळवून. काकांनी सगळं इमानेइतबारे केलं. डोळ्यांत पाणी आलं, पण मान डोलली. "छान जमलीय," म्हणाले.

मधली पुरती गोंधळली. दोन जाणती माणसं छान म्हणतात, म्हणजे आपलीच जीभ बिघडली की काय? स्वयंपाकघरात जाऊन तिनं मीठ चाखलं, साखर चाखली. दोन्ही जशीच्या तशी लागली.

दारात चपला घालताना काका तिला हळूच म्हणाले, "पोरी, घसा सोलवटला गं माझा. पण त्याला तोंडावर कसं सांगू?"

ती आत आली, तर बाबा रिकामा पेला नाकाशी धरून बसलेले.

"खरं सांग. फार कडू झालीय?"

ती म्हणाली, "कडूजहर, बाबा."

त्यांनी मान खाली घातली. "हिवाळ्यात ताप आला ना, तेव्हापासून वास नाही, चव नाही. अंदाजानं टाकत राहिलो. सांगायची लाज वाटली."

वीस वर्षं हवा असलेला मान असा समोर आला, आणि मधलीला तो घ्यावासाच वाटेना. तिला रडू फुटलं.

बाबांनी कपाटातून गेल्या वर्षीची बाटली काढली आणि तिला पेला भरून दिला.

"चाख. आणि काय काय लागतं ते सावकाश सांग मला. मी विसरत चाललोय."