दादाची नजर

रांगेत दादा तिसरा होता. दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ, बावीस वर्षं शाळेची बस चालवतोय. मी दवाखान्यात डोळे तपासते. चालकांच्या नजरेच्या वार्षिक दाखल्यावर पहिली सही माझी, मग डॉक्टरांची. डॉक्टर माझी सही बघून सही ठोकतात, बाकी काही बघत नाहीत.

गेल्या रविवारी जेवताना दादाने पाणी ग्लासाच्या शेजारी ओतलं. "लक्ष कुठंय तुमचं?" वहिनी म्हणाली. सगळे हसले. मला काही हसू आलं नाही.

खरं सांगायचं तर अंग काढून घ्यायचा माझा बेत होता. शेजारच्या टेबलावरच्या बाईंना म्हटलं, "माझ्या भावाला आज तुम्ही बघता का? घरचं माणूस, बरं दिसत नाही." किती सोज्वळ वाटतं ना! पण भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता आम्हा दोघींचा एकच, आणि दादाला तो तोंडपाठ. नोकरी लागली तेव्हा मीच त्याची नक्कल स्वयंपाकघरात लावून महिनाभर घोकत होते, आणि मला चिडवायला दादा माझ्याआधी धडाधड म्हणून टाकायचा. बाईंकडे तो हसत हसत पास झाला असता आणि मी नामानिराळी राहिले असते. लाज वाटली माझी मलाच. "राहू द्या, मीच बघते," म्हटलं.

दादा खुर्चीत बसला, एक डोळा झाकला. "चल गं, उरक पटापट. साडेअकराला पोरांना आणायला जायचंय."

शेवटची ओळ त्याने न अडखळता म्हटली. एकही चूक नाही. खोटं कशाला बोलू, सही करायला मी पेन उचललंसुद्धा होतं. मग खाली ठेवलं.

"आता मी काठी ठेवीन तेवढंच अक्षर सांग."

"हे काय नवीन खूळ?"

मी त्याच ओळीतल्या शेवटच्या अक्षरावर काठी ठेवली. त्याने पहिलं अक्षर सांगितलं. मधल्यावर ठेवली, त्याने ओळीतलं दुसरं सांगितलं; तो नुसता पाठ म्हणत होता. तीन ओळी वर गेले तरी तीच गत. दुसरा डोळाही तसाच. दादाच्या कपाळावर घाम आला होता.

"निवृत्तीला तीनच वर्षं राहिलीत गं," तो हळूच म्हणाला. "रस्ता पाठ आहे मला. डोळे बांधले तरी बस शाळेत नेईन."

"रस्ता पाठ आहे रे. मधेच धावत येणारं पोर कसं पाठ असेल?"

"म्हणजे माझी बहीणच मला घरी बसवणार?"

"हो," मी म्हणाले. "आणि आजची फेरीसुद्धा नाही. मी आत्ता शाळेत फोन करतेय."

फोन करून आले. मोतीबिंदू असला तर निघेल, नसला तर काय, ते मलाही माहीत नव्हतं. दाखल्यावर मोठ्या अक्षरात 'बस चालवण्यास अपात्र' लिहिलं, सही केली आणि कागद त्याच्यापुढे सरकवला.

वाटलं, फाडून तोंडावर फेकेल. त्याने कागद डोळ्यांजवळ नेला. लांब धरला. उठून खिडकीपाशी जाऊन उजेडात धरला. रांगेतली माणसं बघत होती. मग तो परत आला आणि कागद माझ्या हातात दिला.

"काय लिहिलंयस ते वाचून दाखव," दादा म्हणाला.

आणि मी ते त्याला मोठ्याने वाचून दाखवलं.