थर्माकोलचा रस्ता, मातीची नदी

मी एक नदी बोलतोय, आणि रस्ताही मीच. दचकू नका. दोन्ही मिळून मी एका जेवणाच्या मेजाएवढा आहे. मला घडवणारे मला 'नमुना' म्हणायचे. कंबोडियातल्या तोन्ले साप नदीच्या काठी, बौद्ध विहाराच्या ओसरीत माझा जन्म झाला. अंगाला काठचीच माती, वर तैलरंग आणि शेतांमधून जाणारा नवा रस्ता तेवढा पांढऱ्या थर्माकोलचा.

काय दिवस होते ते! रस्त्याचा इंजिनिअर बुन्नारित आणि माशांचा अभ्यास करणारी थीदा दिवसभर माझ्यावर वाकून भांडायचे.

"तुझे मासे काय टोल भरणार आहेत?"

"आणि तुझा रस्ता काय पोहायला शिकणार आहे? पाणी तुंबलं की वाहून जाईल तो."

भांडण लटकं, पण प्रश्न गावाच्या जिवाचा होता. पावसाळ्यात आमची नदी उलटी फिरून तळ्याकडे निघते, शेतं भरते, मासे आणते. वर्षभराचं प्राहोक, म्हणजे आमचं माशांचं खारवण, त्यांचंच मुरतं. रस्त्याच्या भरावाने पाणी अडलं तर पलीकडे मासे नाहीत आणि अलीकडे घरं पाण्यात. भरावात पाण्याला वाट ठेवायची, पण कुठे? दोघं माझ्यावर पाणी ओतून बघायचे, आणि दर वेळी गाव बुडायचं.

शेजारच्या मोम आजीने माझ्यावर राखणदाराचं इवलंसं देऊळ बसवलं होतं. देव आला म्हणजे पूजा आली. एका संध्याकाळी तिने केळं ठेवलं आणि उदबत्त्या रोवल्या. मऊ जागा मिळाली ती नेमकी रस्त्याची. थर्माकोल वितळला आणि भलंमोठं भोक पडलं.

सकाळी बुन्नारितने कपाळावर हात मारला. "आजी, रस्ता जाळलास की गं!"

"देवाच्या अंगणातून रस्ता नेताना त्याला विचारलं होतंस का रे?"

थीदाने हसत हसत पाणी ओतलं. पाणी त्या भोकातून निघून गेलं आणि घरं कोरडी राहिली. मग कितीतरी दिवस त्यांनी दोन्हीकडून पाणी सोडून पाहिलं, हिशेब केले. शेवटी खरा पूल तिथेच झाला.

पुढे मोम आजी गेली. बुन्नारित, थीदा दुसऱ्या नद्यांवर गेले. गावाने मात्र मला देव करून टाकलं. रोज फुलं, केळी, आणि हात लावायची सक्त मनाई. मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू? पण बाहेर नदी काठ खात सरकत होती. पुलाखाली गवत वाढलं, पाणी दुसरीकडे तुंबू लागलं. रस्ता रुंद करायला माणसं आली, तेव्हा गावकरी माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "सगळं यात आहे." माझ्यात तर जुनीच नदी होती; माझा जीव तळमळला.

परवा थीदा आली. केस पांढरे झालेत तिचे. मासे साफ करायची सुरी तिने हातात घेतली तशी बायका ओरडल्या, "अगं ताई, देवाला कुणी खरवडतं का?"

"नदी सरकली. देवाने एकट्याने मागे का राहायचं?" असं म्हणून तिने हात जोडले आणि माझं वळण खरवडायला घेतलं.

दुखलं. ज्या वळणावर ते दोघं भांडायचे, ते चुरा होऊन ओसरीवर पडलं. थीदाचे डोळे भरले होते, पण हात थांबला नाही. आता बायकाही नव्या काठाची ओली माती थापतायत. बायांनो, माझ्यावर माया असेल तर एवढं करा: नदी हलली की मला मोडत जा.