सरांचं पाणमांजर

आमच्या शाळेच्या नववीच्या सहलीला दोन मालक आहेत. एक मी, खेळाची बाई. दुसरे जीवशास्त्राचे सर. मी मुलांना दोराला धरून ओढा पार करायला लावते, तंबू ठोकायला शिकवते आणि सगळी पलटण हातीपायी धड घरी आणते. सर त्यांना शी दाखवतात.

खोटं नाही सांगत. सर तिला विष्ठा म्हणतात, पण मुलं तर शीच म्हणतात. नदीकाठच्या खडकावर काळपट असं काहीतरी पडलेलं असतं. सर त्याच्यासमोर गुडघे टेकून बसतात, काडीनं ते उकलतात आणि लखलखत्या डोळ्यांनी म्हणतात, "बघा, माशांचे खवले! हे पाणमांजराचं आहे. ताजं आहे हं, आज पहाटेचं!" मग वास घेऊन बघतात आणि मुलांनाही घ्यायला सांगतात. मागे नववीची अख्खी तुकडी "ईईई" करून दहा पावलं मागे सरकते.

वर्षानुवर्षं हेच. पाणमांजर म्हणजे नदीत राहणारा, मासे खाणारा, अंगानं लांबुळका प्राणी, एवढं मलाही आता पाठ झालंय. प्राणी मात्र कोणाला दिसलेला नाही. दर वर्षीची नववी पुढच्या नववीला सांगून ठेवते, की पाणमांजर वगैरे काही नसतं, सरांना वाईट वाटू नये म्हणून मान डोलवायची. सहलीला येतानाच मुलं मान डोलवायच्या तयारीनं येतात.

सरांचं म्हणणं, प्राणी आहे, पण माझ्या शिट्टीमुळे येत नाही.

"बाई, जरा कमी वाजवता का?" दर वर्षी ते अगदी नम्रपणे विचारतात.

"अहो सर, मुलं मोजायला नकोत? एखादं पाण्यात घसरलं, तर तुमचं पाणमांजर काढणार आहे का बाहेर?"

माझ्यापुढे कोणाचं काही चालत नाही, हे शाळेत शिपायापासून मुख्याध्यापिकांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. शिट्टी वाजवली की मुलं रांगेत उभी राहतात, मी मोजते, जीव भांड्यात पडतो. त्या आवाजानं पाखरं उडाली तर उडाली.

यंदाची सहल सरांची शेवटची होती. वर्ष संपलं की ते निवृत्त होणार, आणि पुढच्या वर्षीपासून नववीची सहल घसरगुंड्यांच्या वॉटर पार्कला जाणार, असं मुख्याध्यापिकांनी जाहीरही करून टाकलं होतं. बसमध्ये चढताना सर मला म्हणाले, "बाई, एकदा मुलांना दाखवून जाता आलं तर बरं वाटेल हो." त्यांनी हे अशा काही सुरात म्हटलं, की मला उगाचच खिडकीबाहेर बघावं लागलं.

तुकडी मात्र नेहमीपेक्षा दांडगी होती. त्यांच्यात एक मुलगी होती, तिला सगळे बातमी म्हणायचे. हिच्या कानावर पडलेलं शब्दभरही हिच्या पोटात राहत नसे. दुसरा एक उंच, किडकिडीत मुलगा, खांब. तो तंबूत झोपला की पाय बाहेर राहायचे आणि सकाळी त्या पायांना अडखळून कोणीतरी पडायचं. सगळी भांडणं तिथूनच सुरू व्हायची.

पहिल्या संध्याकाळी सरांनी सगळ्यांना नदीकाठच्या झुडपांमागे बसवलं. "आवाज नको. हालचाल नको. नुसतं बघायचं." थोडा वेळ बरं चाललं. मग कोणाच्या तरी हातात वेफर्सचं पाकीट कुरकुरलं. बातमीनं शेजारणीला काहीतरी सांगितलं, शेजारीण फिस्सकन हसली. खांबाच्या पायाला मुंग्या आल्या, तो उठला आणि झुडपासकट आडवा झाला. अंधारून यायला लागलं म्हणून मी शिट्टी वाजवली.

सर दुर्बीण पुसत म्हणाले, "असू दे. उद्या."

दुसऱ्या संध्याकाळी मुलं बसली, पण चावणाऱ्या मुंग्यांवर बसली. त्याचं वर्णन मी करत नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी ओढ्यावरचा दोर सोडवून गुंडाळत होते. शेवटची एकच संध्याकाळ उरली होती, दुसऱ्या दिवशी नाश्ता झाला की बस येणार होती. तेवढ्यात बातमी आली आणि चक्क दबक्या आवाजात म्हणाली, "बाई, आम्ही ठरवलंय. आज सरांना सांगायचं, की दिसलं."

"काय दिसलं?"

"पाणमांजर. सगळ्यांनी एकदम सांगायचं. बिचारे किती वाट बघतात हो!"

आता खरं तर मी तिचा कान धरायला हवा होता. खोटं बोलायला शिकवण्यासाठी शाळा मला पगार देत नाही. पण सकाळीच मी सरांना त्या खडकाशी वाकलेलं पाहिलं होतं. एक हात गुडघ्यावर, एक हात कमरेवर. उठताना त्यांना खडकाचा आधार घ्यावा लागला होता.

"मी काही ऐकलं नाही," मी म्हणाले आणि दोर गुंडाळत राहिले.

संध्याकाळी सगळे बसले. सर दुर्बीण तंबूत विसरले होते, ती आणायला गेले. ते परत येताना दिसले मात्र, सगळी नववी एका सुरात ओरडली, "सर, दिसलं! दिसलं!"

सर जागच्या जागी थांबले. "काय सांगता! कुठे?"

"त्या तिथे! एवढं मोठं, सर! वासराएवढं!" खांबानं दोन्ही हात पसरले. त्याचे हात पसरले की पलीकडचा काठ गाठतात.

"आणि शेपूट झुबकेदार! खारीसारखी!" बातमीनं भर घातली. "आमच्याकडे बघितलं आणि बुडी मारली!"

मी कपाळाला हात लावला. निदान पुस्तकातलं चित्र तरी बघून यायचं, गाढवांनो!

मला वाटलं, सर आता उलटतपासणी घेणार. पण ते हळूच खडकावर बसले. दुर्बीण मांडीवर ठेवली. "कसं असतं रे?" त्यांनी विचारलं. "पोहताना डोकं वर असतं का त्याचं? अंगावर पाणी चमकतं?"

खांबानं पसरलेले हात हळूच खाली घेतले.

"मी कधीच पाहिलेलं नाही," सर म्हणाले. "ठसे पाहिले. खेकड्यांची फोडलेली कवचं पाहिली. विष्ठा तर तुम्हाला माहीतच आहे. एकदा पाण्यावर बुडबुड्यांची रेघ पाहिली होती. पण प्राणी नाही. या नदीला येतोय तेव्हापासून एकदाही नाही. जाऊ दे. तुम्हाला दिसलं ना? झालं तर मग. खूप बरं वाटलं, मुलांनो."

मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "बाई, तुम्ही पाहिलंत?"

सगळी मुलं माझ्याकडे बघायला लागली. मी, जी पोरांच्या एकेका थापेला पट्टीनं मोजून शिक्षा करते, ती मी म्हणाले, "हो. म्हणजे, पाठमोरं."

त्या संध्याकाळी मुलांच्या ताटल्या भरलेल्याच राहिल्या. सर मात्र ताटलीतलं सगळं संपवून लवकर झोपायला गेले. बातमी गुडघ्यात तोंड खुपसून बसली होती. ती पोर गप्प बसलेली मी पहिल्यांदाच पाहत होते आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

"आम्हाला वाटलं, त्यांनी खूपदा पाहिलंय," ती म्हणाली. "आम्हाला वाटलं, त्यांना फक्त आम्हाला दाखवायचंय."

"मग खरं सांगून टाकू," खांब म्हणाला.

"वेडा आहेस का? आता सांगितलं तर त्यांना दुप्पट वाईट वाटेल."

"मग काय करायचं, बाई?"

मला काय माहीत! मला दोर बांधता येतो, शिट्टी वाजवता येते. मी चिडले. मुलांवर चिडले, सरांच्या त्या "खूप बरं वाटलं"वर चिडले आणि सगळ्यांत जास्त स्वतःच्या पाठमोऱ्यावर चिडले.

"अजून उद्याची सकाळ आहे ना हातात?" मी म्हणाले. "मग आज जे बोललो, ते उद्या खरं करायचं. उजाडायच्या आत काठावर. आणि कोणाच्या तोंडातून हूं की चूं निघालं, तर घरी पोचेपर्यंत त्याला बसच्या मागे पळवीन."

"पण तुमची शिट्टी, बाई," बातमी म्हणाली.

मी गळ्यातली शिट्टी काढली आणि भांड्यांच्या पेटीत टाकली. गळा एकदम उघडा उघडा वाटायला लागला.

पण मुलं मोजायची कशी? पहाटेच्या अंधारात, नदीच्या काठावर? माझा जीव त्यातच अडकलेला. शेवटी नजर गुंडाळलेल्या दोरावर गेली. म्हटलं, ओढ्यावर तो धरून उतरता, तसाच धरून बसा. एका टोकाला मी. मी हलकेच ओढलं की शेजाऱ्यानं त्याच्या शेजाऱ्याकडे ओढ पाठवायची, शेवटच्यापर्यंत, आणि तशीच परत. मधे कोणी उठून गेलं, तर ओढ तिथेच अडेल. ती माझ्या हातात परत आली, म्हणजे सगळे हजर.

पहाटे आम्ही सरांना उठवायला गेलो, तर ते बूट घालून तयार. मी म्हणाले, "सर, आज दोर धरून बसायचं." त्यांनी माझ्या मोकळ्या गळ्याकडे पाहिलं आणि दोर धरला.

टोकाला मी, शेजारी सर, मग बातमी, मग बाकीचे, आणि पार त्या टोकाला खांब. मुलांनी वेफर्सची पाकिटं आपण होऊन तंबूत ठेवली होती. बातमीनं रुमालाचा बोळा करून तोंडात कोंबला होता. नदीवर धुकं होतं. मी ओढलं. सरांनी पुढे पाठवलं. ओढ गेली, आणि सावकाश परत आली. थोड्या वेळानं पुन्हा गेली, पुन्हा परत आली. कोणी खोकलं नाही. थंडीनं नाकं वाहत होती, पण कोणी सुरकन ओढलंसुद्धा नाही. ही तीच पोरं आहेत, यावर माझा विश्वास बसेना.

झुंजूमुंजू झालं. पाण्यावर बुडबुड्यांची एक रेघ उमटली. रेघ खडकाकडे सरकली आणि तिच्या पुढच्या टोकाला एक चपटं, मिशाळ डोकं वर आलं.

ते खडकावर चढलं. वासराएवढं कुठलं, चांगल्या पोसलेल्या मांजराहून थोडं मोठं. अंग लांबलचक, ओलं, चकचकीत. शेपूट बुडाशी जाड, टोकाला निमुळती, झुबक्याचं नावही नाही. पुढच्या दोन पायांत मासा धरून ते खायला लागलं आणि त्याचा कुडुमकुडुम आवाज आम्हाला स्पष्ट ऐकू आला.

माझ्या हातातला दोर हलला. मी तर ओढला नव्हता. बाजूला पाहिलं, तर सरांचा हात थरथरत होता. त्या थरथरीला बातमी समजली मोजणी. तिनं ती इमानेइतबारे पुढे पाठवली. पुढच्यानं पुढे. सगळ्यांचे डोळे खडकावर, आणि हातांतून ती थरथर खांबापर्यंत गेली आणि कोणालाही न चुकता परत सरांच्या हातात आली. सगळे हजर होते. मला रडू आलं. त्यात लपवण्यासारखं काय आहे, आलं तर आलं.

मासा संपला. प्राण्यानं खडकावर त्याची ती सुप्रसिद्ध शी केली, आमच्याकडे पाठ फिरवली आणि पाण्यात शिरला.

सरांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, परत काढला. मग म्हणाले, "खांब, वासराएवढं नाही रे हे."

खांबानं मान खाली घातली.

"आणि शेपटीला झुबका नसतो, बातमी."

बातमीच्या तोंडात अजून रुमालच होता. तिचे डोळे मात्र घळाघळा वाहत होते.

"पण बाई," सर माझ्याकडे वळले, "पाठमोरं मात्र अगदी तुम्ही म्हणालात तस्संच दिसतं हं."

तेव्हा जी नववी हसली! नदीकाठची उरलीसुरली सगळी पाखरं उडाली आणि मी कोणाला काही म्हटलं नाही.

तंबू आवरताना मी त्यांना गाठलं. "सर, म्हणजे काल तुम्हाला कळलं होतं?"

"खारीसारखी शेपूट म्हटल्यावर कोणाला कळणार नाही?"

"मग बोलला का नाहीत?"

"इतकी वर्षं मुलं माझ्यासाठी नुसती मान डोलवायची, बाई. ते मला ठाऊक नव्हतं असं वाटलं का तुम्हाला? काल पहिल्यांदाच कोणी माझ्यासाठी एवढी मेहनत घेऊन खोटं बोललं. मला ते मोडवेना."

"आणि तुम्ही ते कधीच पाहिलं नव्हतं, ती पण थापच का?"

सर तंबूची खुंटी उपटत होते. ती निघेना, म्हणून मी वाकून हात लावला.

"ते खरं होतं," ते म्हणाले. "आज सकाळपर्यंत."

बस आली. मुलं दारात गर्दी करून उभी राहिली. मी सवयीनं गळ्याशी हात नेला, तर शिट्टी भांड्यांच्या पेटीत, आणि पेटी बसच्या टपावर. मी ड्रायव्हरला हाक मारणार, एवढ्यात सरांनी दोराचं टोक माझ्या हातात दिलं आणि दुसरं टोक घेऊन ते रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले.